मास्कला गंज लागतो तेव्हा

मंडळी, या वीकांताचा लेख एका वासापासून सुरू होतोय. नाजूक नाकवाल्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल :)

तर झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या हापिसात एक मोठं रिलीज होतं. सलग बारा दिवस क्लबात जाता आलं नाही आणि माझी फेन्सिंगची किटबॅग गाडीच्या डिकीतच पडून राहिली. पुण्यातला जुलै. आत ओलं जॅकेट, ओला हातमोजा आणि घामाने थबथबलेला मास्क. तेराव्या दिवशी डिकी उघडली तेव्हा बायको दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "हे घरात येणार असेल तर मी माहेरी जाते."

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गेली तीन वर्षं मी फॉइल खेळतो. खेळतो म्हणजे बहुतेक वेळा हरतो, पण ते असो. मराठी पेपरांत या खेळाला तलवारबाजी म्हणतात, त्यामुळे आमच्या निम्म्या नातेवाइकांची समजूत आहे की मी दांडपट्टा फिरवतो. तसं काही नाही. तीन प्रकारची हत्यारं असतात : फॉइल, एपे आणि सेबर. तिन्ही बोथट, तिन्ही लवचिक. आणि तोंडावर तारेच्या जाळीचा तो काळा मास्क, ज्यात माणूस मधमाश्या पाळणाऱ्यासारखा दिसतो.

मास्क बाहेर काढला. अस्तरावर पांढरी बुरशी, आणि जाळीच्या डाव्या बाजूला, कानाच्या जरा पुढे, तांबूस डाग. मी फडक्याने पुसला तर फडकं तांबूस झालं. आई बघत होती. आई कोकणातली, खिडक्यांचे गज गंजताना बघत मोठी झालेली. ती म्हणाली, "अरे घाम म्हणजे मीठच ते. लोखंडाला मीठ लागलं की आतून खातं. वरून रंग लावलास तरी खातच राहतं." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, आई, हे खेळाचं सामान आहे, मालवणचं घर नव्हे.

दुसऱ्या दिवशी क्लबात सरांनी मास्क हातात घेतला, दिव्याकडे धरला आणि काही न बोलता कपाटातून पंच काढला. स्प्रिंग लावलेलं, टोकदार दांड्याचं एक साधन असतं. स्प्रिंग पूर्ण दाबली की टोकावर बारा किलोचा जोर येतो, आणि तेवढा जोर जाळीने सहन करायलाच हवा. सरांनी समोरच्या बाजूला दाबलं, काही झालं नाही. मग त्या तांबूस डागावर दाबलं. बारीक कट् असा आवाज आला आणि दोन तारा बाजूला सरकल्या. एक तर तुटलीच.

सरांनी विचारलं, "गेल्या महिन्यात हा मास्क कोणाला दिला होतास?"

आणि माझ्या पोटात गोळा आला. दिला होता. आमच्याकडे शनिवारी येणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाला. त्याचा मास्क घरी राहिला होता, मी मोठ्या दादाच्या थाटात "घे रे माझा" म्हणून दिला होता. तासभर तो त्या मास्कमध्ये खेळला. त्याला काहीही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि झोप लागत नाही तेव्हा मी जे करतो तेच केलं. वाचत बसलो. हा लेख म्हणजे त्या वाचनाचं फलित.

मास्क नव्हता तेव्हा

आपल्याला वाटतं की तलवारी आल्या त्याच दिवशी मास्कही आला असेल. तसं अजिबात नाही. 1763 साली लंडनमध्ये डोमेनिको अँजेलो या इटालियन उस्तादाचं तलवारबाजीवरचं सचित्र पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यातली चित्रं इतकी गाजली की दिदरोच्या फ्रेंच विश्वकोशानेही ती घेतली. त्या चित्रांत बघा, माणसं सुंदर पवित्रे घेऊन उभी आहेत, विग नीट बसवलेले, आणि चेहरे उघडे.

मग डोळे कसे वाचायचे? नियमांनी. सरावाची फॉइल बोथट होती, शिवाय वार फक्त छातीवर करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांनी एकाच वेळी वार करायचा नाही. समोरच्याने हल्ला सुरू केला असेल तर आधी तो अडवा, मग तुमची पाळी. दोघंही एकदम पुढे झेपावले तर टोकं कुठे जातील याचा नेम नाही, आणि बहुतेकदा ती वर, तोंडाकडे जातात.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. हार्डवेअर नाही म्हणून केलेला वर्कअराउंड! पण गंमत अशी, की हा वर्कअराउंड आजही चालू आहे. फॉइल आणि सेबरमध्ये दोघांचे दिवे एकदम लागले तर पंच बघतो की हल्ल्याचा हक्क कोणाचा होता आणि गुण त्यालाच देतो. नवख्या प्रेक्षकाला हे काहीच कळत नाही. "दोघांनी मारलं ना, मग एकालाच गुण का?" असं माझ्या सासऱ्यांनी मला तीनदा विचारलंय. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग हा, की अडीचशे वर्षांपूर्वी लोकांना आपले डोळे प्रिय होते.

ला बोएसिएर यांची जाळी

पत्र्याचे, डोळ्यांपाशी फटी ठेवलेले मुखवटे अधूनमधून वापरले जात. पण त्यातून दिसायचं कमी, आणि नेमकी फटच धोक्याची. तारेच्या जाळीचा मास्क आणण्याचं श्रेय परंपरेने पॅरिसच्या तेक्सिए द ला बोएसिएर या उस्तादाला दिलं जातं. काळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. कल्पना साधी आहे : तारा इतक्या जवळ की टोक आत जाणार नाही, आणि इतक्या बारीक की नजर बाहेर जाईल. आजच्या नियमांतली तार किमान 1 मिलीमीटर जाडीची आणि दोन तारांमधली जागा जास्तीत जास्त 2.1 मिलीमीटर. म्हणजे अडीचशे वर्षांत आकडे आणि पोलाद बदललं, कल्पना तीच राहिली. असा कोड आपल्यापैकी किती जणांनी लिहिलाय, सांगा बरं!

पण लोकांनी तो मास्क आनंदाने डोक्यावर घेतला का? छे. ज्याला आपल्या हातावर ताबा आहे त्याला मास्क कशाला, असा जुन्या मंडळींचा बाणा होता. मास्क घालणं म्हणजे समोरच्याला "तू अडाणी आहेस, तुझं टोक कुठेही जाईल" असं तोंडावर सांगणं. (हेल्मेटबद्दल पुण्यात आपण जे ऐकतो ते आठवलं का? मला आठवलं.)

याचं सुंदर उदाहरण म्हणजे ला बोएसिएर यांचाच सर्वात प्रसिद्ध शिष्य, शेवालिए द सेंट जॉर्ज. ग्वादलूप बेटावर जन्मलेला, आई गुलाम, वडील फ्रेंच मळेवाले. हा माणूस तलवारीइतकाच व्हायोलिनमध्येही निष्णात होता, आणि संगीतकार म्हणून आज पुन्हा वाजवला जातो. एप्रिल 1787 मध्ये लंडनच्या कार्लटन हाउसमध्ये युवराजासमोर त्याची शेवालिए देऑन यांच्याशी लढत झाली. देऑन त्या वेळी स्त्रीवेषात राहत, आणि त्या काळ्या झग्यातच खेळले. त्या प्रसंगाचं चित्र उपलब्ध आहे. त्यात दोघांच्याही तोंडावर मास्क नाही. गुरूने जाळी दिली, पण युवराजासमोर उभं राहताना शिष्याचा चेहरा उघडाच!

पुढे एकोणिसाव्या शतकात मास्क सर्रास झाला आणि खेळच बदलला. आता जवळ येऊन, अडवून, परत मारून, पुन्हा अडवून असा लांबलचक संवाद दोन पात्यांमध्ये होऊ शकत होता. डोळ्यांची धास्ती नसली की हात मोकळा होतो.

पांढरा रंग आणि दिवे

आता कपड्यांकडे वळू. फेन्सिंगचा पोशाख पांढरा का? आधी परीक्षक डोळ्यांनीच वार बघत. पांढऱ्या कापडावर टोक टेकलेलं दिसतं, आणि एपेच्या टोकाला रंग लावला तर डागही दिसतो. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये एपेला विजेची यंत्रणा आली, फॉइलला 1956 च्या मेलबर्नमध्ये, आणि सेबरला 1992 च्या बार्सिलोनात. फॉइलमध्ये धडावर धातूचे धागे विणलेलं एक जॅकेट घालतात, त्याला लामे म्हणतात. टोक लामेला लागलं की रंगीत दिवा, इतर कुठे लागलं की पांढरा.

दिवे आले, पण पांढरा रंग राहिला. आणि गोची इथेच होते. पांढरं म्हटलं की आपल्याला ते शुभ्र हवं असतं, आणि शुभ्र करायला आपण ब्लीच घालतो. आजची चांगली जॅकेटं ज्या धाग्यांची असतात (केव्हलार हे त्यातलं प्रसिद्ध नाव) त्यांना क्लोरीनचं ब्लीच कमजोर करतं. केव्हलारला कडक ऊनही सोसत नाही. म्हणजे जॅकेट जितकं दिसायला चकचकीत, तितकं आतून पोकळ असू शकतं. पण हे धागे या खेळात का आले, ते कळायला रोमला जावं लागेल.

रोम, जुलै 1982

व्लादिमीर स्मिर्नोव हा सोव्हिएत संघाचा, कीव्हमधला फॉइलपटू. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण, 1981 मध्ये जगज्जेता. जुलै 1982 मध्ये रोमला जागतिक स्पर्धा भरली. समोर पश्चिम जर्मनीचा मथियास बेअर, तोही ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेल्या संघातला. दोघं एकमेकांवर झेपावले. बेअरचं पातं तुटलं.

फॉइलचं पातं तुटणं ही काही आश्चर्याची गोष्ट नाही. लवचिक पोलाद हजारो वेळा वाकतं, एखादी बारीक भेग वाढत जाते आणि एक दिवस ते तुटतं. पण शाबूत पात्याचं टोक बोथट असतं, तुटलेल्याचं नसतं. आणि हात पुढे जायचा थांबत नाही, कारण हे सगळं क्षणाच्या आत घडतं. तुटलेलं पातं मास्कची जाळी भेदून स्मिर्नोवच्या डोळ्यातून मेंदूपर्यंत गेलं. काही दिवस तो कोमात होता. जुलै संपायच्या आत तो गेला. वय 28.

बेअरचा दोष नव्हता. पण दोष नसणं आणि ओझं नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो पुढे खेळत राहिला, 1984 मध्ये संघाबरोबर ऑलिंपिक रौप्यही जिंकला, नंतर मोठा प्रशिक्षक झाला. नैराश्याशी मात्र त्याचा झगडा अनेक वर्षं चालला आणि त्याबद्दल तो पुढे उघडपणे बोललाही. 2017 साली, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षांनी, तो कीव्हला जाऊन स्मिर्नोवच्या पत्नीला भेटला.

हे वाचताना मी थांबलो. आत्तापर्यंत मी फक्त मास्कच्या आतल्या मुलाचा विचार करत होतो. पण त्या शनिवारी त्याच्यासमोर जी चौदा वर्षांची मुलगी खेळत होती, तिचं पातं तुटलं असतं तर? माझ्या मास्कवरच्या गंजाचं ओझं तिने आयुष्यभर वागवलं असतं. माझं नावही त्यात आलं नसतं.

त्यानंतर काय बदललं

जवळजवळ सगळंच. आंतरराष्ट्रीय महासंघाने (एफआयई, स्थापना 1913, पॅरिस) सामानाचे नियम कडक केले. पाती मॅरेजिंग पोलादाची झाली. यात कार्बन अगदी कमी आणि निकेल भरपूर असतं, त्यामुळे भेग सावकाश वाढते. कपड्यांना न्यूटनमध्ये मोजलेली ताकद आली : महासंघाच्या स्पर्धांना जॅकेट 800 न्यूटनचं आणि मास्कखाली गळा झाकणारं बिब 1600 न्यूटनचं. 1600 न्यूटन म्हणजे साधारण 163 किलो वजनाचा भार. आणि जाळीला तो बारा किलोचा पंच.

मध्यंतरी प्रेक्षकांना खेळाडूंचे चेहरे दिसावेत म्हणून पारदर्शक पॉलिकार्बोनेटची पट्टी बसवलेले मास्क निघाले. टीव्हीवर छान दिसायचे. 2009 मध्ये युरोपातल्या एका स्पर्धेत पातं त्या पट्टीतून आरपार गेलं. खेळाडू बचावला, पण त्यानंतर मंडळी पुन्हा ला बोएसिएर यांच्या जाळीकडे वळली.

आपल्याकडे हा खेळ घरोघरी पोचला तो भवानीदेवीमुळे. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. सेबर खेळते. पहिली लढत 15-3 अशी जिंकली, दुसरी हरली. तिच्यानंतर क्लबांमध्ये मुलांची गर्दी वाढलेली मी स्वतः पाहिली आहे. पण सामान महाग, म्हणून मास्क दोन-चार जणांत फिरतात. मी दिला तसाच.

तर आता काय करायचं

सरांकडून आणि माझ्या फजितीतून शिकलेल्या गोष्टी लिहून ठेवतो. क्रिकेटच्या हेल्मेटवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

घरी आल्यावर पहिलं काम, चहाच्याही आधी, बॅग रिकामी करायची. सगळं वेगवेगळं टांगायचं. पावसाळ्यात पंखा लावायचा. पुण्यामुंबईच्या जुलैमध्ये "आपोआप वाळेल" हा प्रकार नसतो.

मास्कचं अस्तर निघत असेल तर काढून धुवायचं. निघत नसेल तर कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून अख्खा मास्क हाताने धुवायचा, मऊ ब्रशने. नंतर साबण आणि मीठ पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने. झटकून, उलटा धरून, पंख्याखाली लगेच वाळवायचा. धुतल्याने गंजेल या भीतीने लोक मास्क कधीच धूत नाहीत. उलट आहे. पाणी वाळतं, मीठ राहतं. स्वस्त मास्कच्या तारांवर जस्ताचा मुलामा असतो. तो गेला की आई म्हणते तसं आतून खाणं सुरू. स्टेनलेसलाही खारट घाम कायम लागून राहिला तर बारीक खड्डे पडतात.

महिन्यातून एकदा मास्क दिव्यासमोर धरून बघायचा. पोचा आलेली जागा, सरकलेल्या तारा, तांबूस डाग. पोचा आतून ठोकून सरळ करू नये, तार वाकवून परत वाकवली की ती थकते. बिबची शिवण ओढून बघायची. डाग दिसला तर वरून काळा रंग मारायचा नाही! पंच मारून घ्यायचा, आणि नापास झाला तर तो मास्क भिंतीवर.

जॅकेट थंड किंवा कोमट पाण्यात, ब्लीचशिवाय, वाळवणं सावलीत. थोडं पिवळट दिसलं तर दिसू द्या.

लामे कधी घडी घालून कोंबायचं नाही, हँगरला लावायचं. कोमट पाण्यात बुडवून हलकेच हलवायचं, पिळायचं नाही. धातूचे धागे तुटले किंवा घामाने खाल्ले गेले की तिथे वीज वाहत नाही, आणि समोरच्याचा चांगला वार पांढऱ्या दिव्यात जातो. म्हणजे तुम्ही नकळत त्याचा गुण चोरता. मल्टिमीटर घ्या (आपल्यापैकी प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये एक धूळ खात असतोच), दोन टोकांमधला रोध 5 ओहमच्या आत हवा.

पाती कोरडी पुसून, ओल्या कपड्यांपासून वेगळी ठेवायची. गंजाचा प्रत्येक खड्डा ही भेगेची सुरुवात असू शकते.

शेवट

सर त्या दिवशी ओरडले नाहीत. इतकंच म्हणाले, "त्याच्या आईला सांगून ये." मला वाटलं कशाला, काही झालं तर नाहीये. पण गेलो. त्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण पुढच्या वेळी कोणाच्याही मुलाला देताना आधी बघून द्या." याच्यावर मी काय बोलणार? हो म्हटलं.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी क्लबातले सगळे मास्क आम्ही धुतो. मी साबण लावतो, तो मुलगा पंच मारतो. हे काम त्याला फार आवडतं, विशेषतः माझा नवा मास्क असेल तेव्हा. "दादा, अजून एकदा मारू?" असं विचारत तो दोनदा जास्तच मारतो. मारू दे. जुना मास्क सरांनी दाराशेजारी खिळ्याला अडकवलाय, डाव्या बाजूचं भोक दिसेल असा.

असो, लेख बराच लांबला. तुमच्यापैकी कोणाच्या डिकीत आत्ता एखादी बॅग पडलेली असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी खाली जाऊन ती वर आणा. पुढच्या शनिवारी भेटूच.